बँडेजच्या गाठी

"पेशंटचे हात बांधण्याआधी त्या हातांकडे नीट बघ गं," थोरल्या सिस्टर म्हणायच्या. आजींनी सकाळपासून दोनदा सलाईन उपटून काढलं होतं. "बांधा एकदाचे हात, सिस्टर," त्यांचा मुलगा काकुळतीला आला. "डॉक्टरांनीही सांगितलंय." बँडेजची पट्टी घेऊन मी वाकले आणि थांबले. आजी नळी ओढत नव्हत्या. अंगठ्याने ती पुढे पुढे सरकवत होत्या, ओठ पुटपुटत होते. "आजी जप करतात का हो?" "रोज! माळ झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. घाईत ती घरीच राहिली." "म्हणून आमच्या नळीची माळ झाली!" त्याच पट्टीला गाठी मारून ती आजींच्या हातात दिली. बोटं गाठी मोजू लागली, नळी विसरली. "डॉक्टरांशी मी बोलते. हात मोकळेच राहतील." "आई, खरी माळ आणतो हं," मुलगा कानाशी म्हणाला आणि पावलं न वाजवता निघाला.