म्हशीनं तुडवलेला हात

"आज्जे, हे काय सांगून बसलीस?" माझ्या नातवानं, इंद्रजितनं, पेपर पुढ्यात आपटला.

क्लबच्या राखीव संघातल्या पोरांची हंगामाआधीची ओळख छापून आली होती. आमच्या गोलकीपरच्या फोटोखाली लिहिलेलं, 'लहानपणी म्हशीनं हात तुडवल्यापासून हा डावीकडे झेप घ्यायला कचरतो, असं त्याची आजी सांगते.'

"पत्रकार चहाला आलता. काहीतरी सांगाय नको व्हय?"

"आज चाचणी सामना हाय! गोल खाल्ला तर मोठ्या संघात घेणार न्हाईत मला." पोरगं न जेवताच गेलं.

मीबी मागनं मैदानात गेले. सामना बरोबरीत, संपत आलेला, आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. कोचनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पदर तोंडात धरला. पेनल्टी मारणारा पोरगा चेंडू ठेवता ठेवता इंद्रजितच्या डाव्या हाताकडं बघून हसला. पेपर त्यानंबी वाचला होता. ते हसणं इंद्रजितनं बघितलं.

शिट्टी वाजली. चेंडू सुसाट त्याच्या डावीकडं आला, पण आमचं पोरगं आधीच तिकडं झेपावलं होतं. चेंडू छातीशी धरून ते मातीत लोळलं, तवा कुठं माझ्या तोंडातला पदर सुटला.

सामना सुटल्यावर ते माझ्या कानाशी लागलं. "आज्जे, कच्ची तर माझी उजवी बाजू हाय. आणि आपल्यात म्हस कवा होती गं?"

"हळू बोल, मुडद्या. अख्खा हंगाम तिच्यावरच काढायचाय."