पुनवेचे पाच दिवस

तीन वर्षं झाली तरी प्रेमिलाची कूस उजवली नव्हती. म्हणून सासूनं, देवकाबाईनं, नवस बोलला होता: पोर होईस्तोवर प्रेमिलाच्या नवऱ्यानं, टिकारामनं, दर महिन्याला पुनवेपर्यंतचे पाच दिवस नागऱ्याच्या महादेवापाशी निजायचं.

गावात नव्यानं आलेल्या नर्सबाईचं ऐकून प्रेमिला पाळीच्या पहिल्या दिवसापासून भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढायला लागली.

“ह्या रेघा कायच्या वो?” देवकाबाईनं विचारलंच.

“दिवस मोजून रायली, आत्याबाई. माही पाळी येते अवसेले. नर्सबाई म्हनते, बाराव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत पोर राहाची आशा जास्त.”

सासू भिंतीजवळ सरकली. अवसेपासून बोटानं एकेक दिवस मोजत गेली आणि थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा पुनवच आली. प्रेमिला मान खाली घालून उभी होती.

बाराव्या दिवशी टिकाराम वाकळ काखेत मारून निघाला, तर देवकाबाईनं ती ओढून घेतली.

“तू घरीच राय. देवाजवळ मी निजीन.”

“आन महादेव कोपला त, माय?”

“कायले कोपते? तो तरी कोनत्या पुनवेले पार्वतीले सोडून निजला?”