चाळीस मिनिटं

थंड पाण्याचा पंप बंद पडल्यावर रसायनांचा रिअ‍ॅक्टर किती वेळात फुटतो, ते गणित सरांनी शिकवलं. तिने त्यात बाबांच्या कारखान्यातले आकडे घातले. तिथल्या अशाच स्फोटात बाबा गेले आणि ठपकाही त्यांच्यावरच आला: ऑपरेटर झोपला होता. आईने ते कधीच मानलं नाही. म्हणून तर लेकीला केमिकल इंजिनिअरिंगला घातलं.

उत्तर आलं, चाळीस मिनिटं. तिने तीनदा सोडवलं, मग सरांना दाखवलं.

“अगदी बरोबर. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडायला भरपूर वेळ होता की!”

घरी आई दारातच उभी. “सुटलं का गं? किती वेळ होता त्यांच्या हातात?”

“दोन मिनिटं, आई.”

आईचा चेहरा उजळला. “मला ठाऊकच होतं! आता हे नीट कागदावर मांडून दे. उद्याच कारखान्यात नेऊन दाखवते.”