बोटाला लागलेली धूळ

सासूबाईंचे बोट खिडकीच्या चौकटीवरून सरकत कोपऱ्यापाशी आले आणि थांबले.

"हे काय?"

बोट सुनेच्या नाकापुढे आले. त्यावर धुळीची रेघ होती, भिंग लावून शोधावी इतकी पुसट.

"सकाळीच पुसलं होतं, आई."

"तू पुसलं असशील गं. कोपऱ्याला कळलं नाही, एवढंच."

सून फडके आणायला वळली. ती महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत असे. स्वच्छतेच्या नावाखाली माणूस माणसावर हुकमत कशी गाजवतो, या विषयावर तिने एक दीर्घ निबंध लिहिला होता आणि जाणकारांनी तो वाखाणला होता. त्यासाठी तिने अर्धे ग्रंथालय पालथे घातले. घरी मात्र पुरावा स्वतःच्या पायांनी चालत येत असे.

रोज सकाळी सासूबाईंची स्वारी अनवाणी निघे. एक हात चौकटींवरून, फळ्यांवरून, खुर्च्यांच्या पाठींवरून फिरत राही. तळपायाला कण टोचला की संपलेच. जाजम धूळ धरते म्हणून माळ्यावर गेले. तसबिरी धूळ खातात म्हणून भिंतींवरून उतरल्या; त्यांत सासऱ्यांचीही उतरली, आणि या बाईला काळीज नाही, हे सुनेने त्या दिवशी मनाशी कायम केले. छपाईची शाई हातांना लागते, या सबबीवर वर्तमानपत्र बंद झाले. न्हाणीघराला फिनेल, स्वयंपाकघराला साबणाचे पाणी, बैठकीच्या खोलीला लिंबाच्या वासाचे द्रावण, ही वाटणी तर दगडावरची रेघ. एकदा घाईत बाटल्यांची अदलाबदल झाली, तेव्हा सासूबाईंनी दारातच थबकून सगळी लादी पुन्हा पुसून घेतली. खुर्ची वीतभर सरकली तरी आकांत.

"झाडताना सरकवलीस, तर परत जागेवर ठेवायला हात झिजतात का तुझे?"

सुनेने हौसेने लावलेल्या नव्या पडद्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही. दुसऱ्याने केलेले चांगले त्यांना बघवत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. निष्कर्ष काढण्यात तिचा हातखंडा होता.

"आई अशी नव्हती गं," नवरा म्हणे. "हे सगळं गेल्या दोन-तीन वर्षांतलं. वय झालं की होतो माणूस हट्टी."

"हट्ट नाही हा. त्यांना स्वच्छ घर नकोच आहे. त्यांना माझी मान खाली हवी आहे."

दोघांनी दोन खोल्यांचे एक घर पाहून ठेवले होते. घरमालकाला रविवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. आईला एकटी सोडायची म्हटले की नवऱ्याचा पाय जड होई. वाद पेटला की तो मध्ये पडून काहीतरी विनोद करी. "आई, तुझ्या बोटाला मुकादमाची नोकरी लावून देऊ," तो म्हणे. सगळी हसत, आणि विषय पुन्हा फडक्याखाली जाई.

"रविवारी तुझ्या डोळ्यांनीच बघ," सून म्हणाली. "अख्खं घर लख्ख करते. एकच डाग ठेवते. त्यावरून काय तांडव होतं ते बघ. पण तू तोंड उघडायचं नाहीस. विनोद नाही, 'जाऊ दे ना आई' नाही. नुसतं बसायचं."

रविवारी नवरा केस कापायला गेला. तो वळणाआड होताच तिने उरलेला थंड चहा बैठकीच्या पांढऱ्या भिंतीवर फेकला. चेहऱ्याच्या उंचीवर ताटाएवढा तपकिरी डाग उमटला. खालचे ओघळ तिने पुसले. डाग वाळू दिला. मग फळ्या, चौकटी, कोपरे घासून काढले, लादी दोनदा पुसली आणि ती सुकावी म्हणून दार सताड उघडे ठेवले.

नवरा परतला, तो ओली लादी चवड्यांवर ओलांडून खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. डाग पाहून त्याचे डोळे विस्फारले. तिने ओठांवर बोट ठेवले.

सासूबाई आल्या. बोट चौकटीवरून फिरले, फळीवरून फिरले, कोपऱ्यात शिरून बाहेर आले. स्वच्छ. भिंतीच्या कडेने त्या पुढे सरकल्या आणि बरोबर डागासमोर उभ्या राहिल्या. चेहरा आणि डाग यांत वीतभर अंतर होते. नवऱ्याने श्वास रोखला.

"वा," सासूबाई म्हणाल्या. "आज खरा हात फिरलाय घरावरून. भिंत बघ, कशी दुधासारखी दिसतेय."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा पडला होता. एवढा जहरी टोमणा त्याने आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हळूहळू त्याने मान डोलावली. त्या एका होकारात दोन खोल्यांचे घर पक्के झाले.

"टोमणे कशाला मारता, आई? रागवायचंय तर सरळ रागवा."

"टोमणा नाही गं बाई. चांगल्याला चांगलं म्हणायची सवय मोडलीय माझी, तो दोष माझा." सासूबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तुम्ही घर बघितलंय, माहीत आहे मला. कान अजून तिखट आहेत माझे. जा खुशाल, मी आडवी येणार नाही. फक्त जाताना इथली एक खुर्चीसुद्धा हलवू नका. आणि बाटल्या आहेत तिथंच राहू देत."

जिंकल्यावर काय बोलायचे, हे सुनेने कुठेच वाचले नव्हते.

सासूबाई वळल्या. खिडकीतल्या लख्ख उन्हात बसलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे तोंड करून, हातभर अंतरावरून, त्यांनी आवाज खाली आणला.

"मी हे बोलले ते त्याला सांगू नकोस. तो केस कापून घरी यायच्या आत आपल्या दोघींत काय ते ठरू दे."