वास खाणारी पेटी

तुळशीला पाणी घालून, पुन्हा तांब्या भरून मी शेडपाशी आले, तर सूनबाई पेटीसमोर वायू मोजायचा मीटर धरून उभ्या.

"आई, कोंबड्यांचा वास गेला, पण पेटी आता हवा तापवणारा वायू सोडतेय. उद्या तपासणीत सापडलं तर शेड बंद."

गावाची बोंब थांबावी म्हणून सूनबाईंनीच बसवलेली ही लाकडाच्या चिपा भरलेली पेटी. शेडची हवा तिच्यातून जाते, आतले जंतू म्हणे वास खातात.

"खाईल तो काहीतरी सोडणारच," मी म्हटलं. "चार पोरं वाढवलीत मी. मीटरशिवाय."

"इतका नाही सोडत. चिपांचा चिखल झालाय, जंतू गुदमरलेत. रोज पाणी कोण ओततंय?"

मी तांब्या पदराआड घेतला. शेड तारणाऱ्या पेटीला तुळशीसारखं पाणी घालायचं नसतं, हे शिकलेल्या माणसांनी आधी सांगायला नको?