शांतता राखा

"लाज नाही वाटत, वर तोंड करून सांगायला?" थोरलीनं हातातला विनाइलचा रोल टेबलावर आपटला. तो घरंगळत दारातल्या गिऱ्हाइकाच्या पायाशी गेला. गिऱ्हाइकानं तो उचलून भिंतीशी उभा केला आणि "मी नंतर येतो" म्हणत काढता पाय घेतला.

धाकटी स्टुलावर बसून होती. "ताई, मी कुठल्याही लिंकवर गेले नाही. बँकेचा पत्ता रोजच्यासारखा हातानंच टाइप केला."

"खोटं! धडधडीत खोटं बोलतेस!"

दोघी बहिणींचं हे स्टिकरचं दुकान. थोरली डिझाइन करायची, धाकटी माल कापायची आणि बँकेचं बघायची. जिकडे बघावं तिकडे त्यांच्याच मालाचे नमुने. पंख्याच्या बटणावर, कपाटावर, पाण्याच्या बाटलीवर. कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातसुद्धा एक निळा स्टिकर होता. 'शांतता राखा.' एका वाचनालयाच्या ऑर्डरमधला उरलेला. त्याच स्टिकरसमोर थोरली आज सकाळपासून गळा फाडून ओरडत होती.

कारणही तसंच होतं. काल दुपारी दुकानाचं खातं धुऊन निघालं होतं. नव्या कटिंग मशीनसाठी दोघींनी पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं गेलं. बँकेला फोन झाला, खातं गोठवलं, पोलिसांत तक्रारही झाली. पैसे परत मिळतील असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती ओकायला समोर एकच माणूस होतं.

"ओटीपी कुणी टाकला? मी?"

"मीच टाकला. पान मागत होतं म्हणून टाकला. पान आपल्या बँकेचंच होतं गं. तोच रंग, तेच चिन्ह."

"पुन्हा खोटं! नको तिथं बोट लावलंस आणि आता निस्तरता येत नाही म्हणून गोष्टी रचतेस. आजपासून बँकेच्या व्यवहारात पडायचं नाही. बँकेच्याच काय, दुकानाच्याही नाही. किल्ल्या ठेव इथं."

धाकटीनं पर्समधून किल्ल्यांची जुडी काढली आणि टेबलावर ठेवली. ती रडली नाही. तिचं ते न रडणंही थोरलीला खुपलं. उलट बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला इतका वेळ मान खाली घालून मशीन तपासत होता. बहिणींच्या भांडणात तोंड घालू नये, एवढी अक्कल त्याला होती. पण किल्ल्यांचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

"त्या खरं सांगताहेत," तो म्हणाला. "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय. पत्ता बरोबर टाकला तरी तो परस्पर दुसऱ्याच पानावर नेतो. पान हुबेहूब बँकेचं, पण चोरांनी बनवलेलं. तिथं जे टाकाल ते थेट त्यांच्या हातात."

"शिरेल कसा? चांगले पैसे मोजून अँटिव्हायरस घेतलाय आम्ही!"

"घेतलाय. पण कुणीतरी बंद करून ठेवलाय, बरेच महिने झाले. त्याच दिवशी डिझाइनचं एक सॉफ्टवेअर टाकलेलं दिसतंय. फुकटातलं. असली सॉफ्टवेअरं आधी अँटिव्हायरसच बंद करायला सांगतात. चोरानं घरमालकाला म्हणावं, तेवढं कुत्रं बांधून ठेवा, तसं."

थोरली क्षणभर अडखळली, पण चढलेला आवाज इतक्यात खाली येणार नव्हता. "मग? तो बंद आहे हे आम्हाला काय स्वप्नात कळणार होतं?"

"कळतं ना. बंद असला तरी तो गप्प बसत नाही. स्क्रीनवर खाली, उजव्या कोपऱ्यात सारखी लाल पाटी येत राहते. तुम्हाला कधी दिस..."

बोलता बोलता तो थांबला. त्यानं निळ्या स्टिकरची कड नखानं उचलली. माल पक्का होता, सहजासहजी निघेना. शेवटी सोलत सोलत निघाला. खाली लाल पाटी लुकलुकत होती. 'तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे.'

थोरलीनं पाटी लगेच ओळखली. ऐन डिझाइनच्या मध्ये ही पाटी उगवायची आणि तिचं डोकं उठवायची. "ताई, ती काहीतरी सांगतेय, एकदा कुणाला तरी दाखवू या," असं धाकटी म्हणालीसुद्धा होती. "तू मला शिकवू नकोस," असं खेकसून थोरलीनं हाताला लागला तो पहिला स्टिकर तिथं थापला होता. धाकटीच्या डोळ्यांदेखत. आणि सकाळपासून एवढं ऐकून घेताना धाकटीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

दुरुस्तीवाल्यानं स्टिकर बोटाच्या टोकावर धरला. आता त्याचाही पारा चढला होता. "हे दिवे कुणी लावले?"

धाकटीनं थोरलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी," ती म्हणाली. "मीच चिकटवला."

थोरलीनं टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या आणि धाकटीच्या मांडीवर ठेवल्या. सकाळपासून दुकान डोक्यावर घेणारी ती बाई आता हळू आवाजात म्हणाली,

"खोटं बोलतेय ती."