शपथेची वही

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि माझी बदली औरंगाबादला झाली. दारूबंदी चळवळीची जुनी पुस्तकं मी हौसेनं जमवली होती, ती पेटीत भरत होतो. इथल्याच अंबरपेठच्या कबाड्याकडून आणलेल्या शपथेच्या वहीत दारू सोडणाऱ्यांचे अंगठे होते, तीस वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकाचीच शाई ओली होती.

"रोज टिपकागद लावतो, आई. वाळतच नाही."

आईनं हात न लावता वाकून पाहिलं. अंगठ्यावर आडवा व्रण होता.

"तुझ्या बापाचा आहे," ती म्हणाली. "पिऊन आला की माझा पदर धरून म्हणायचा, उद्यापासून सोडतो. मरेस्तोवर म्हणत होता. ही वही इथंच ठेव."

ती उठली. तिच्या पदराच्या टोकाला तोच अंगठा व्रणासकट उमटला होता, आणि शाई ओली होती.